कामूचे ओरान आणि न दिसलेले शेजारी

गुरुविद्यालयात तत्त्वज्ञानाचा अभ्यास करीत असताना आल्बेर कामूची ‘प्लेग’ ही कादंबरी आम्ही प्रथम वाचली, ती स्टुअर्ट गिल्बर्ट यांच्या १९४८ च्या इंग्रजी अनुवादातून. आमच्या वर्गात त्या पुस्तकावर जी चर्चा झाली, तिचा सारा रोख फादर पानलू या एका पात्रावर होता. नास्तिक लेखकाने एक येशूसंघीय धर्मगुरू रंगवला, त्याच्या तोंडी दोन प्रवचने घातली आणि शेवटी त्याला मरू दिले. तेव्हा ही आपल्यावरची चाल आहे आणि तिला उत्तर दिले पाहिजे, अशा आवेशाने आम्ही निबंध लिहिले. माझ्या निबंधाला गुणही बरे मिळाले. त्यातील एक वाक्य आज आठवत नाही, आणि आठवले असते तरी येथे देण्याचे धाडस झाले नसते.

पुढे २०२० च्या मार्चमध्ये आपल्या मंदिरांची दारे बंद झाली आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ती उघडली नाहीत. त्या काळात जगभर ज्यांनी हे पुस्तक पुन्हा हाती घेतले, त्यांत मीही होतो. या वेळी माझे लक्ष पानलूकडे गेलेच. परंतु त्याहून अधिक ते ज्या शहरात तो बोलतो त्या शहराकडे आणि त्या शहरातल्या माणसांकडे गेले. कामूने कल्पित नगरी निर्माण केली नाही. भूमध्य समुद्राच्या दक्षिण तीरावरील ओरान हे अल्जीरियातील खरेखुरे बंदर त्याने निवडले आणि त्याचे नावही बदलले नाही. म्हणून एक समीक्षक म्हणून नव्हे, तर धर्मग्राम सांभाळणारा एक वाचक म्हणून मला विचारावेसे वाटते: या ओरानमध्ये कोण आहे, आणि कोण नाही?

प्रथम खऱ्या ओरानविषयी थोडे. दहाव्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील अंदलुसी दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी हे बंदर वसवले. १५०९ साली स्पेनने ते जिंकले. त्या मोहिमेमागे कार्डिनल सिस्नेरोस यांचा पैसा होता आणि ते स्वतःही तेथे गेले होते. म्हणजे ख्रिस्तसभा या शहरात प्रथम शिरली ती तोफांच्या सोबतीने, ही गोष्ट आपण आडपडदा न ठेवता मान्य करावी. मधला १७०८ ते १७३२ हा तुर्की अंमलाचा काळ सोडला, तर १७९२ पर्यंत स्पॅनिश लोक तेथे होते; १७९० च्या भूकंपाने शहर उद्ध्वस्त केल्यावर त्यांनी ते सोडले. १८३१ मध्ये फ्रेंच आले. त्यांच्या मागोमाग दक्षिण स्पेनमधून पोटासाठी निघालेली हजारो कुटुंबे आली. विसाव्या शतकाच्या मध्यावर ओरान हे अल्जीरियातील सर्वांत युरोपीय शहर म्हणून ओळखले जाई. स्पॅनिश बोलणारे कॅथलिक, पिढ्यानपिढ्यांचे ज्यू, फ्रेंच अधिकारी आणि त्या सर्वांच्या कडेकडेने, पण त्यांच्या कितीतरी आधीपासून, तेथील मुसलमान.

कामू स्वतः अल्जीरियाचाच पुत्र, परंतु ओरानचा नव्हे. ओरान ही त्याची सासुरवाडी. १९४१ च्या आरंभी तो पत्नी फ्रान्सीनसह तेथे राहावयास आला आणि सुमारे दीड वर्ष राहिला. फ्रान्सच्या तत्कालीन विशी सरकारने ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढून टाकले होते. अशा मुलांसाठी चाललेल्या शाळेत त्याने शिकवले. शहर त्याला फारसे रुचले नाही. कादंबरीच्या आरंभीच तो ओरानचे जे वर्णन करतो, त्यात जावयाचा तुटक सूर आहे: झाडे नाहीत, बागा नाहीत, माणसे व्यापारात गुंतलेली, आणि शहराने सुंदर उपसागराकडे पाठ फिरवलेली. हे अर्थात हेतुपुरस्सर आहे. ज्यांना स्वतःपलीकडे पाहण्याची सवय नाही, अशा माणसांवर संकट आणून त्याला त्यांची परीक्षा घ्यावयाची आहे. १९४७ साली पुस्तक आले तेव्हा वाचकांनी या प्लेगमध्ये नाझी सत्तेने व्यापलेला फ्रान्स ओळखला. ते रूपक सर्वांस ठाऊक आहे. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

आता पानलूकडे वळू. तो विद्वान आहे, संत ऑगस्टीन आणि प्राचीन आफ्रिकी ख्रिस्तसभा हा त्याचा अभ्यासविषय. (कामूने स्वतः विद्यापीठातील प्रबंध ऑगस्टीन आणि प्लॉटिनस यांच्या संदर्भातच लिहिला होता, तेव्हा हे पात्र त्याने दुरून पाहून रंगवलेले नाही.) साथ सुरू झाल्यावर ख्रिस्तसभा प्रार्थना-सप्ताह पाळते आणि प्लेगपासून रक्षण करणारा म्हणून ज्याची आळवणी होते त्या संत रॉकच्या नावाने रविवारी सणाची मिस्सा होते. बाहेर पाऊस कोसळत आहे, मंदिर तुडुंब भरले आहे आणि पानलू व्यासपीठावरून लोकांना सांगतो की, हे संकट तुमच्यावर आले आणि तुम्ही त्यास पात्र होता. फारोच्या काळापासून देवाने गर्विष्ठांना असेच गुडघ्यावर आणले आहे. प्रवचनाची बांधणी उत्तम आहे. ज्यांनी प्रवचनशास्त्र शिकले आहे त्यांना तिचे कौतुकच वाटेल. आणि तेथेच भीती वाटते.

भीती अशासाठी की, ते प्रवचन मी केलेले आहे. २०२० च्या वसंतात रिकाम्या मंदिरात कॅमेऱ्यासमोर मिस्सा अर्पण करताना मी घराघरांत बसलेल्या माझ्या लोकांना सांगितले की, देवाने आपल्याला थांबवले आहे, कारण आपण फार धावत होतो. शब्द सौम्य होते, पण आशय पानलूचाच होता. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये एका तरुणाला मूठमाती देताना त्याची आई दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभी होती. तिला आत येण्याची परवानगी नव्हती. माझे ते प्रवचन तिने ऐकले होते की नाही, मला ठाऊक नाही. ते विचारण्याचे धैर्य मला आजतागायत झालेले नाही.

कादंबरीत हे फाटक म्हणजे न्यायाधीश ओतों यांच्या लहान मुलाचे मरण. वृद्ध डॉक्टर कास्तेल यांनी तयार केलेली नवी लस त्याला टोचली जाते. लस त्याला वाचवत नाही, केवळ त्याची झुंज लांबवते. पानलू आता स्वयंसेवकांच्या पथकात काम करीत असतो, आणि त्या खाटेशी तोही उभा असतो. मुलगा मरतो तेव्हा डॉक्टर रिये त्याच्यावर संतापाने ओरडतो की, हा तरी निष्पाप होता. पानलू हळूच सुचवतो की, जे आपल्याला कळत नाही त्यावरही कदाचित आपण प्रेम केले पाहिजे. रिये ते साफ नाकारतो. ज्या सृष्टीत मुलांचे असे हाल होतात तिच्यावर प्रेम करणे त्याला मरेपर्यंत जमणार नाही. तरीही दोघे एकमेकांचे हात धरतात. या साऱ्या प्रसंगात कामूने धर्मगुरूचा कोठेही उपहास केलेला नाही. ज्या काळात फ्रेंच साहित्यात धर्मगुरूचे व्यंगचित्र काढणे सोपे होते, त्या काळात त्याने पानलूला रियेच्या बरोबरीची उंची दिली. गुरुविद्यालयातील आमच्या निबंधांत ही गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

त्यानंतरचे दुसरे प्रवचन हे माझ्या मते कादंबरीचे मर्मस्थान. मंदिरात आता गर्दी नाही. लोक गंडेतावीज आणि भविष्यवाण्या यांकडे वळले आहेत. पानलू चाचरत बोलतो, आणि कामू एक लहानशी नोंद करतो: या खेपेस त्याने ‘तुम्ही’ म्हटले नाही, ‘आपण’ म्हटले. पहिल्या प्रवचनातील आशय तो मागे घेत नाही, पण आपण तो कठोर मनाने सांगितला असे कबूल करतो. मग तो सर्वस्व किंवा काहीच नाही या टोकाला जातो. मुलाचे मरण ज्या देवाने होऊ दिले त्याचा एक तर पूर्ण स्वीकार करावा, नाही तर त्याला पूर्ण नाकारावे; मधली जागा नाही. काही दिवसांत तो आजारी पडतो, डॉक्टरांना बोलावू देत नाही, क्रूसावरची नजर हटवत नाही आणि मरतो. त्याच्यात प्लेगची लक्षणे स्पष्ट दिसत नाहीत. नोंदवहीत त्याचे प्रकरण संशयित म्हणून लिहिले जाते. तो प्लेगने मेला की श्रद्धेच्या भाराने, हे कामू मुद्दाम उघडे ठेवतो.

येथे माझा कामूशी वाद आहे, आणि तो श्रद्धेच्या अभिमानापोटी नाही. पानलूसमोर ठेवलेले दोनच मार्ग हे पवित्र शास्त्राचे मार्ग नव्हेत. बायबलमध्ये तिसरा मार्ग पानोपानी आहे, आणि तो म्हणजे तक्रार. ईयोब स्वीकारतही नाही आणि नाकारतही नाही. तो देवाला जाब विचारतो, आणि शेवटी देव त्याच्याच बाजूने निर्वाळा देतो, त्याला उपदेश करणाऱ्या मित्रांच्या बाजूने नव्हे. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे रडगाणी आहेत. गेथसेमनीच्या बागेत प्रभूने प्याला दूर करण्याची विनंती आधी केली आणि पित्याच्या इच्छेला मान त्यानंतर तुकवली.  वैद्याला नकार देणे ही तर आपल्या परंपरेची शिकवणच नाही; बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखावयास सांगतो, कारण त्याची विद्या देवाकडूनच आलेली आहे. ऑगस्टीनच्या अभ्यासकाला हा अध्याय ठाऊक नसेल असे नाही. तो कामूला सोयीचा नव्हता, एवढेच.

तसेच मार्सेयच्या बिशपांचे. दुसऱ्या प्रवचनात पानलू १७२० च्या मार्सेयमधील साथीचा दाखला देतो. भूमध्य समुद्रावरच्या त्या दुसऱ्या बंदरात ‘ग्रां-सेंत-आंत्वान’ या जहाजाबरोबर प्लेग आला होता. तेथील बिशप बेलसंस, आपल्या हातून होईल ते सर्व केल्यावर, घराचे दार बंद करून आत बसले आणि चिडलेल्या लोकांनी त्यांच्या घराभोवती प्रेते रचली, असे पानलू सांगतो. इतिहासात बेलसंस यांचे नाव राहिले ते मात्र रोग्यांमध्ये वावरलेला आणि नोव्हेंबर १७२० मध्ये शहर येशूच्या पवित्र हृदयाला वाहणारा मेंढपाळ म्हणून. दार लावून बसलेला बिशप कामूला अधिक उपयोगी पडला. लेखकाला तसा अधिकार असतो हे मान्य. पण वाचकालाही बाकीची हकीकत ठाऊक असावी.

आणखी एक बाब आहे, आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. दोन लाख वस्तीच्या या कोंडलेल्या शहरात पानलू बोलतो पुष्कळ. परंतु तो कोणाचे पापनिवेदन ऐकताना दिसत नाही, कोणाच्या कपाळाला तेल लावताना दिसत नाही, मरणाऱ्याच्या जिभेवर परमप्रसाद ठेवताना दिसत नाही. मुलाच्या खाटेशीही तो उभा असतो तो जणू साक्षीदार म्हणून. त्याला धर्मग्राम नाही. मरताना तो सांगतो की, संन्यस्त माणसाला मित्र नसतात; त्याने सर्व काही देवाच्या हाती सोपवलेले असते. हे वाक्य वाचून मी थबकलो. आमच्या पिढीला गुरुविद्यालयात अशीच काहीशी शिकवण मिळाली होती, आणि काहींनी ती फारच मनावर घेतली.

कामूला ही उणीव दिसली नव्हती असे म्हणता येत नाही. पहिल्या प्रवचनानंतर ताऱू हा पाहुणा रियेला पानलूविषयी विचारतो, तेव्हा रिये म्हणतो त्याचा भावार्थ असा की, पानलू अभ्यासिकेतला माणूस आहे, त्याने फारशी मरणे पाहिलेली नाहीत. पण खेड्यातला एखादा साधा धर्मगुरू, जो आपल्या माणसांच्या घरी जातो आणि मरणाऱ्याचा श्वास ऐकतो, तो दुःखाचा महिमा गाण्याआधी दुःखावर उपचार करील. वाचकहो, नास्तिक डॉक्टरने आपल्या खेडवळ धर्मगुरूला दिलेली ही केवढी पावती! परंतु त्या एका उल्लेखानंतर हा धर्मगुरू कादंबरीत फिरकत नाही. मी त्याला शेवटच्या पानापर्यंत शोधले. धर्मगुरूविना देवाचा विचार आणि देवाविना संतपण, या दोहोंसाठी कामूने पात्रे निर्माण केली. दारोदार फिरणाऱ्या पाद्रीसाठी मात्र त्याच्याजवळ एकच वाक्य होते.

त्याच्याबरोबर आणखी कोणी तरी हरवले आहे. रांबेर हा पॅरिसचा पत्रकार ओरानमध्ये येतो तो अरबांच्या राहणीमानाची पाहणी करण्यासाठी. रिये त्याला विचारतो, की तू पूर्ण सत्य छापू शकशील काय? तितके नाही, असे उत्तर येते, आणि विषय तेथेच संपतो. पुढे शेकडो पाने प्लेग धुमसतो, प्रेते मोजली जातात, दफनासाठी खड्डे खणले जातात; पण एकाही अरबाला नाव नाही, घर नाही, आई नाही. ज्या शहराच्या वस्तीत मुसलमानांचे एवढे प्रमाण, तेथे कोणाही मुसलमानाची अंत्ययात्रा निघत नाही. कोनॉर क्रूझ ओब्रायन यांनी १९७० मध्ये आणि एडवर्ड सईद यांनी १९९३ मध्ये हा दोष कठोरपणे दाखवला. कामूच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की, त्याला अरबांची व्यथा अनोळखी नव्हती. १९३९ मध्ये काबिलिया या डोंगराळ भागातील उपासमारीवर त्याने अल्जीयर्सच्या वृत्तपत्रात जी लेखमाला लिहिली, तशी त्या काळी फार थोड्या फ्रेंच लेखकांनी लिहिली. म्हणूनच कादंबरीतले मौन अधिक सलते. पत्रकार कामूने जे पाहिले, ते कादंबरीकार कामूला पेलले नाही. ओरानचाच लेखक-पत्रकार कामेल दाऊद याने २०१३ मध्ये कामूच्या दुसऱ्या कादंबरीतील निनावी मृत अरबाला नाव दिले, भाऊ दिला, आई दिली, आणि त्या भावाला ओरानच्या मद्यालयात बसवून बोलते केले. साहित्याने साहित्याला दिलेले ते उत्तर आहे आणि ते मला रास्त वाटते.

माझ्या मते खेडवळ धर्मगुरूची आणि अरबाची अनुपस्थिती या दोन वेगळ्या उणिवा नाहीत. दोघेही शेजारी आहेत. कामूच्या ओरानमध्ये सहप्रवासी आहेत, सहकारी आहेत, झुंजणारे आहेत. पण शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात ज्या अर्थाने शेजारी हा शब्द येतो, त्या अर्थाने परका असूनही आपला झालेला असा कोणी नाही. पानलू तर्काच्या कड्यावरून पडतो तो एकटा असल्यामुळे. त्याला धरून ठेवणारा हात रियेचा होता. पण रिये जे नाकारत होता त्यावर पानलू त्याच्याशी भांडला नाही आणि त्याच्यापाशी रडलाही नाही.

खऱ्या ओरानचे काय? शहराच्या पश्चिमेस मुर्जाजो डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर सांताक्रूझ हा स्पॅनिश किल्ला, आणि त्याच्या खाली पवित्र मरियेचे प्रार्थनामंदिर. १८४९ मध्ये ओरानमध्ये पटकीची भयंकर साथ आली. लोकांनी पवित्र मरियेची प्रतिमा मिरवीत डोंगराकडे नेली. पाऊस पडला, साथ ओसरली, आणि पुढच्या वर्षी तेथे प्रार्थनामंदिर उभे राहिले. १८९६ च्या प्लेगच्या काळात वांद्र्याच्या आणि मुंबईच्या इतर जुन्या गावठाणांत आपल्या पूर्वजांनी जे क्रूस उभारले, त्यांच्याजवळून जाताना ही हकीकत मला जवळची वाटते. (त्याच मुंबईत १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. क्रूस आणि लस एकाच शहरात, एकाच साथीत.) ओरानच्या प्रत्येक कॅथलिक घराला ठाऊक असलेली ती मिरवणूक साथीवरच्या या कादंबरीत येत नाही. सामान्य माणसांची भक्ती कामूला केवळ अंधश्रद्धेच्या रूपात दिसली, असे म्हणणे थोडे कठोर होईल. पण तिच्याकडे त्याने ओरानने उपसागराकडे फिरवली तशी पाठ फिरवली खरी.

१९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. ५ जुलैच्या दंगलीत ओरानमध्ये अनेक युरोपीय मारले गेले, आणि काही महिन्यांत बहुतेक सारे युरोपीय शहर सोडून गेले. जाणाऱ्यांनी सांताक्रूझची भक्ती सोबत नेली. दक्षिण फ्रान्समधील नीम शहरी त्याच नावाचे तीर्थ आहे, आणि प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला तेथे त्यांची यात्रा भरते. ओरानचे मोठे कॅथेड्रल आज सार्वजनिक ग्रंथालय आहे. मागे उरले मूठभर ख्रिस्ती. त्यांच्यात पुढे बिशप म्हणून आले पिएर क्लावरी.

क्लावरी १९३८ साली अल्जीयर्समध्ये एका फ्रेंच वसाहती कुटुंबात जन्मले. आपले बालपण जणू एका बुडबुड्यात गेले, अरब आपल्या आसपास होते पण आपल्याला ते दिसलेच नाहीत, असे ते पुढे मोकळेपणाने सांगत. म्हणजे कामूच्या कादंबरीत जे घडले, तेच त्यांच्या बालपणी घडले होते. फरक एवढाच की, त्यांनी ते ओळखले आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून आयुष्य वेचले. डॉमिनिकन संघात प्रवेश, १९६५ मध्ये गुरुदीक्षा, १९६७ मध्ये स्वतंत्र अल्जीरियात पुनरागमन, अरबी भाषेचा कसून अभ्यास, आणि १९८१ मध्ये ओरानचे बिशपपद. त्यांना मित्र होते. पानलूच्या नेमके उलट, त्यांची सारी ईशविद्याच मैत्रीवर उभी होती. मुसलमान मित्रांसमवेत बोलताना सत्य आपल्या एकट्याच्या मालकीचे नाही, ते इतरांकडूनही शिकावे लागते, अशी त्यांची धारणा होती.

१९९० च्या दशकात अल्जीरियात नवा प्लेग आला. या खेपेस तो माणसाने माणसावर आणला होता. ओरानमध्येच १९९४ साली नाटककार अब्देलकादर अलूला आणि लोकप्रिय गायक शेब हस्नी यांना गोळ्या घालण्यात आल्या. १९९६ च्या मे महिन्यात तिबिरीनच्या सात संन्याशांची हत्या झाली. देश सोडण्याचे सल्ले येत होते. त्या वर्षीच्या जूनमध्ये फ्रान्समधील प्रुई येथे केलेल्या प्रवचनात क्लावरी यांनी तुम्ही तेथे का राहता या प्रश्नाला उत्तर दिले. त्याचा आशय असा: तेथे आमचे कोणतेही हितसंबंध उरलेले नाहीत, आजारी मित्राच्या उशाशी त्याचा हात धरून, कपाळ पुसत, काही न बोलता बसावे तसे आम्ही तेथे आहोत, क्रूसावरील त्या एकासाठी. ओतोंच्या मुलाच्या खाटेशी पानलूला जे सुचले नव्हते, ते हेच. येथे दुःखाचे समर्थन नाही, त्याचा स्वीकार करा असा आग्रह नाही. केवळ उशाशी बसणे आहे.

१ ऑगस्ट १९९६ च्या रात्री ओरानच्या बिशप हाऊसच्या दारात बॉम्बस्फोट झाला. क्लावरी यांच्याबरोबर त्यांच्या गाडीचा चालक मोहम्मद बुशिखी हा एकवीस वर्षांचा मुसलमान तरुणही ठार झाला. बिशपांसोबत राहण्यातला धोका त्याला ठाऊक होता. त्याने एका वहीत आपला निरोप लिहून ठेवला होता. दयाळू परमेश्वराचे नाव घेऊन त्याने त्यात सर्वांचे आभार मानले होते आणि सर्वांची क्षमा मागितली होती. बिशपांच्या अंत्यविधीला कॅथलिकांहून कितीतरी अधिक मुसलमान जमले. ८ डिसेंबर २०१८ रोजी, निष्कलंक मातेच्या सणाला, सांताक्रूझच्या त्याच मंदिरात क्लावरी आणि त्या काळात अल्जीरियात मारले गेलेले अठरा इतर संन्यासी व भगिनी यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. एका मुसलमान राष्ट्रात प्रथमच असा सोहळा झाला, असे तेव्हा सांगण्यात आले.

कामूने हे सारे पाहिले असते तर काय लिहिले असते, हा प्रश्न मी विचारणार नाही. तो १९६० मध्येच मोटार-अपघातात गेला. युद्धानंतरच्या वर्षांत तो पॅरिसच्या एका डॉमिनिकन मठात बोलावयास गेला होता, आणि श्रद्धावंतांनी आपली श्रद्धा लपवून नव्हे, तर स्पष्ट बोलून जगाशी संवाद करावा, अशी मागणी त्याने त्यांच्याकडे केली होती. ओरानचा हा बिशप त्याच संघाचा होता, ही गोष्ट मला योगायोगापेक्षा अधिक काही वाटते. पण तसे म्हणण्याचा मोह मी आवरतो.

‘प्लेग’ आपल्या वाचकांनी वाचावी, असे मी आग्रहाने सांगेन. त्यातील दुसरे प्रवचन प्रत्येक गुरुविद्यालयात वाचले जावे. मात्र तिच्याबरोबर आणखी एक पुस्तक वाचावे: आद्रिएन कांदियार या डॉमिनिकन लेखकाचे ‘पिएर आणि मोहम्मद’ हे छोटे नाटक. क्लावरी यांच्या लेखनावर आणि मोहम्मदच्या वहीवर ते बेतलेले आहे आणि २०११ साली आविन्योंच्या नाट्यमहोत्सवात ते प्रथम रंगमंचावर आले. साहित्यकृती म्हणून ते कामूच्या कादंबरीच्या तोडीचे नाही. त्याची रचना साधी आहे आणि काही ठिकाणी ते भाविकपणाकडे झुकते. परंतु त्यात ओरानचा एक तरुण मुसलमान स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत बोलतो. बिशप आणि चालक या दोन्ही भूमिका रंगमंचावर एकच नट करतो.